तिकिटाच्या पाठीमागे

उपासना संपली की मागच्या खोलीत
दानाची थैली पालथी करून मी बसतो.
दहाच्या नोटा एका अंगाला, नाण्यांची रास,
कुणीतरी गुपचूप सारलेली फाटकी वीसची,
चिकटपट्टीची बाजू खाली.
पाळकसाहेब म्हणतात, "कंडक्टरचा हात, शांतवनराव,
पैशाला चुकायचा नाही."
मी हसतो. माझ्या हाताचं मला माहीत.

एकतीस वर्षं खानापूर, नंदगड, बीडी.
पाटी कानडीत, भांडणं मराठीत,
आणि सुट्टे दोन्ही भाषांत नाहीत.
तिकिटाच्या पाठीवर लिहायचो: रु. २, रु. ३.५०.
"उतरताना घ्या की ओ."
उतरताना कुणाच्या डोक्यावर बुट्टी, कुणाच्या कडेवर पोर,
कुणाला झाडाआड जायची घाई.
निम्मे विसरत.
जास्तीचं डेपोत जमा करावं असा नियम होता,
आणि नियम विचारणारं कुणी नव्हतं.

चोरी म्हणावी एवढं मोठं नव्हतं ते.
म्हणून तर इतकी वर्षं टिकलं.
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात पडत गेलं;
खर्चलं नाही, परतही केलं नाही.
साडूनं हिंडलग्याला दोन प्लॉट घेतले तेव्हा
मी बायकोला म्हटलं, आपल्याला कशाला ती हाव.
रात्री गुडघे टेकून समाधान कधी मागितलं नाही,
आहे म्हणून सांगायचो:
देवा, तुझं दिलेलं पुरे.
फळीवर डबा ऐकत असायचा.

निवृत्तीनंतर एका रविवारी
तो थैलीत ओतायला निघालो.
सलोमीनं दारातच मनगट धरलं.
"लोकांचं देणं देवाच्या नावावर फेडू नका.
त्याला काय, तुमच्याकडनं चिल्लर यायची होती?"

मग चेहरे आठवत बसलो.
एकतीस वर्षांतलं नाव एकच धड आठवलं.
बीडीची निंगव्वा, शेंगांची चटणी विकायची.
तिचे दोन रुपये, बाजारादिवशी,
माझ्याच अक्षरात, तिच्या तिकिटावर.
विचारत विचारत घर गाठलं.
डोळ्यात फूल पडलेलं; आवाजावरनं ओळखलं तिनं,
"रैट-रैटवाला की रे तू!"
नाणं पुढं केलं. कशाचं ते सांगितलं.
ती बोळक्या तोंडानं हसली.
"गर्दीत दोनदा विसरलास मला, तम्मा.
मी पण गप बसले. फिटलं."

फिटलं?
मी नाणं धरून तसाच उभा.
मला बहुतेक माफी हवी होती,
ती तिनं हिशेबातच घालून दिली.

"कुंद्रु," म्हणाली.
जोंधळ्याची भाकरी, चटणी, वर तेलाची धार.
दुसरी भाकरी टाकून तिसरी उचलताना, "साकु?"
मी ताटावर पंजा पसरला,
उघडा.

डबा घरी आहे तसाच आहे.
चार आणे, आठ आणे, सरकारनं बंद केलेले,
मालक उतरून गेलेले.
काय करावं त्यांचं, अजून सुचलं नाही.
सलोमी म्हणते, असू दे, दिसत राहू दे.

परवा दोह्याहून एलिशाचा फोन.
"पप्पा, या महिन्यात जास्त पाठवू?
काकांच्या शेजारचा प्लॉट निघालाय म्हणे."
मी फळीकडं बघितलं.
पुरे म्हणायला गेलो तर जीभ अडली;
एकतीस वर्षं खोटा वापरलेला शब्द तो,
कोपरे झिजलेला.
"साकु," म्हटलं.
पलीकडं थोडा वेळ नुसती खरखर.
"पप्पा, कानडीत का?"